डावऱ्याचा दगड

रंगभूमीवर मी राण्या रंगवल्या. राणीच्या गालावर खुंट दिसले की पहिली रांग हसते आणि नाटक तिथेच बुडतं. त्यामुळे वस्तऱ्याबद्दल माझ्या गालांना जेवढं कळतं, तेवढं माझ्या डोक्याला कशातलंच कळत नाही. हे गाल मी हयातभर एकाच न्हाव्याच्या दुकानात नेले. आधी म्हाताऱ्याकडे, त्याचा हात थरथरायला लागल्यावर त्याच्या मुलाकडे. मुलगा डावखुरा, म्हणून सगळे त्याला डावरा म्हणत. डावरा तापाने गेला आणि खुर्चीमागे त्याची बायको उभी राहिली.

केस कापणं ती नवऱ्याचं पाहून शिकली होती. वस्तऱ्याला धार लावणं नुसतं पाहून येत नाही. म्हातारा आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेला. तिथूनच ओरडून शिकवायचा.

"पातं सपाट टेकव. उलटवताना पाठीवर फिरव, धारेवर नव्हे! आणि दाबू नकोस, कपडे धूत नाहीयेस!"

"दाबत नाहीये, मामंजी."

"मग काय गुदगुल्या करतेस दगडाला?"

ओल्या दगडावर आवाज यायचा. सर्र, टक. सर्र, टक. तिच्या हातून पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी तोंडाला साबण लावून डोळे मिटून बसलो होतो. हुबेहूब डावरा! डोळे उघडून आरशात पाहिलं, तर मागे तीच, बाह्या सरसावून. आतली खोली मात्र एकदम गप्प झाली होती.

मग वस्तरा गालावर आला आणि केस कापायच्या ऐवजी उपटू लागला.

"राणीसाहेब, लागतंय का?"

"छे गं, हे डोळ्यांतलं पाणी जुन्या सवयीचं."

पण सगळीच गिऱ्हाइकं जुने नट नसतात. एका मास्तरांची हनुवटी कापली, एका नवरदेवाचा गाल सोलवटला. लोक कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात जाऊ लागले. ती रिकाम्या खुर्चीशेजारी दुपारभर धार लावत बसायची.

"दुकान बंद पडलं तर मी मामंजींना घेऊन जाऊ कुठे? आणि काय चुकतंय तेच कळत नाही हो."

मी दगड हातात घेतला, बोट फिरवलं. मधोमध तिरपा खळगा. डाव्या हाताने वर्षानुवर्षं एकाच वाटेने वस्तरा ओढून डावऱ्याने दगड झिजवला होता. खळग्यातून वर येताना पातं काठाला आपटायचं, तोच तो टक. डावरा नेमका तिथे मनगट वळवायचा आणि काठाला फक्त पाठ लागू द्यायचा. हिचा हात उजवा, धारच आपटायची.

दगड तिच्या हातात देऊन मी आत म्हाताऱ्याकडे गेलो. "तुम्हाला आवाजावरून कळलं नाही होय?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत? पोरीचं दुकान बसतंय."

तो छताकडे बघत म्हणाला, "रोज सकाळी तो येतो रे, राणी. दगड सपाट केला की येणार नाही."

मी त्याच्या अंगावरची गोधडी नीट केली.

बाहेर कुणीतरी दारात डोकावलं, "वहिनी, नंतर येतो" म्हणालं, आणि पावलं कोपऱ्याकडे गेली. म्हाताऱ्यानेही ती ऐकली.

"सूनबाई," त्याने हाक मारली, "फरशीवर वाळू टाक, पाणी टाक आणि दगड उपडा करून घास. खळगा जाईपर्यंत."

ती दगड पोटाशी धरून दारात आली. "मामंजी, हा खळगा ह्यांच्या हाताचा आहे."

"माहीत आहे. घास."

मग ती फरशीवर बसून घासू लागली. राखाडी पाणी फरशीवरून मोरीकडे वाहत गेलं. म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी पहिला मी. सर्र. सर्र. मध्ये काही नाही. गालावर वस्तरा फिरला, हे मला साबण निघाल्यावर कळलं.

"लागलं का, राणीसाहेब?"

"नाही गं."

आतून आवाज आला, "सूनबाई, दुकानात कोण परकं माणूस आलंय?"

"मीच आहे, मामंजी."

आता तिथे बसायला बाक पुरत नाही. तरी सकाळी दगडावर पातं टेकलं की आतून तोच प्रश्न येतो, आणि ती हात न थांबवता तेच उत्तर देते.