हेस्टरबाईंची खळ

प्राऊटसाहेबांचा विमानांचा कारखाना म्हणजे इंग्लंडमधल्या एसेक्सच्या खाडीकाठची जुनी होडीशाळा. कालपर्यंत होड्या बांधणारे सुतार आता विमानांचे लाकडी पंख बांधत. पंखांवरचं कापड हेस्टर टब शिवायची आणि त्यावर साबुदाण्याची खळ चढवायची. खळ वाळली की कापड ताठ बसायचं. हे काम तिच्याकडे यायचं कारण एवढंच, की गावात साबुदाण्याची खीर तिच्याइतकी घट्ट कुणाची होत नसे.

पहिलं विमान पडलं आणि चालवणाऱ्याचे दोन्ही पाय गेले. त्याची जागा साहेबांनी हेस्टरच्या लेकाला, विल्फला दिली. पोराला आभाळ ठेंगणं झालं. हेस्टरनं मात्र खळ पातळ केली. पंख ढिले तर विमान जमिनीवर, विमान जमिनीवर तर पोराचे पाय शाबूत, एवढं गणित तिला येत होतं.

त्यानंतर खाडीची दमट हवा लागली की कापड लोंबायचं. विमान गवतावरून धावायचं आणि कुंपणापाशी थांबायचं. गाई मान वर करून बघायच्या, पुन्हा चरायला लागायच्या. साहेबांनी आधी इंजिन बदललं, मग लाकूड, मग सुतार. हेस्टरवर कुणाचा संशय जाणार? बाई चर्चला न चुकता जाणारी.

हिवाळ्यात एकदा जेवताना विल्फ म्हणाला, "आई, सोमवारी शेवटचं बघतो. नाही उडालं तर मी सरे परगण्यात चाललो. तिकडच्या विमान कंपनीनं बोलावलंय."

"त्यांचे पंख कोण शिवतं?"

"शिवत असेल कुणीतरी."

त्या 'कुणीतरी'नं तिचं गणित चुकवलं. कार्टं उडणार तर होतंच. इथे नाही तर तिथे, कुणा परक्या बाईच्या टाक्यांवर.

रविवारी गाव प्रार्थनेला गेल्यावर तिनं जुनी खळ धुऊन काढली. चमचा उभा राहील अशी नवी शिजवली आणि दोन हात चढवले. एकेक टाका ओढून पाहिला. देवाला जे सांगायचं ते तिथेच सांगून टाकलं.

सोमवारी विमान कुंपणावरून गेलं. हेस्टर जीव मुठीत धरून बघत राहिली. उतरल्यावर विल्फ तिच्याकडे धावत आला.

"पाहिलंस ना आई? शेवटी इंजिनच सुधारलं!"

"हो रे बाबा," ती म्हणाली, "इंजिनच."

मग शेडमागे जाऊन ती पोटभर रडली, आणि डोळे पुसून पुढच्या पंखांसाठी साबुदाणा भिजत घातला.