मधुसूदनराव टॅब घेतात

दमयंतीबाईंच्या संसारात कुठलीही वस्तू वेळेवर आली नाही. फ्रिज घ्यायचं ठरलं उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि तो घरात आला दिवाळीत. मुलाचं, मंदारचं नाव तर बारशाच्या दिवशीही ठरलेलं नव्हतं. पाळण्याभोवती बायका खोळंबल्या, तेव्हा आत्याबाईंनी वैतागून सुचलं ते नाव बाळाच्या कानात सांगून टाकलं. या सगळ्याला कारण एकच, मधुसूदनराव. माणूस सज्जन, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला. पण दोन वस्तूंमधली एक निवडायची म्हटलं की यांना तिसरी दिसायची, आणि तिसरी बघायला गेले की चौथी.

दमयंतीबाई शाळेत शिवण शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी गोधड्यांचं काम काढलं. जुनी सुती लुगडी गोळा करायची, रंग जुळवून थर लावायचे हे काम पुंडलिकनगरातल्या घरी त्या करत, आणि जवळच्या शेंद्रा गावातल्या दगडाबाई त्यावर टाके घालत. दर रविवारी सिडकोतल्या एका मंगल कार्यालयाच्या आवारात हस्तकलेचा बाजार भरतो. तिथं पत्र्याच्या शेडखाली दोघींचा स्टॉल. गिऱ्हाईक बहुतेक बाहेरगावचं, वेरूळ-अजिंठा करून आलेलं.

तशीच एक बंगळुरूची बाई आली. चार गोधड्या निवडल्या, बाजूला काढून ठेवल्या. पण तिच्या मोबाइलवरून पैसेच जाईनात. तिनं पर्समधून कार्ड काढलं. दमयंतीबाईंपुढं क्यूआरचा पुठ्ठा तेवढा उभा. बाई हळहळली, सॉरी म्हणाली आणि गाडीत बसून निघून गेली.

दगडाबाईंनी चारी गोधड्यांच्या घड्या पुन्हा घातल्या. "ताई, ते कार्डाचं मशीन घ्या बरं आता. लई झालं."

दमयंतीबाईंनाही ते पटलं. फक्त एक चूक झाली त्यांच्याकडून. रात्री जेवताना हे त्या घरात बोलल्या.

"मी बघतो," मधुसूदनराव म्हणाले.

झालं! सकाळी चहा घेतला की स्वारी दुकानं पालथी घालायला बाहेर. कधी कॅनॉट, कधी टिळकपथ, कधी पैठणगेट. फोनवर मंदारनं सुचवलं होतं, की नुसतं मशीन नको, सोबत एक टॅब घ्या. त्यावर घरातल्या बाकीच्या गोधड्यांचे फोटो दाखवता येतील आणि कार्डाचं छोटं मशीन त्यालाच जोडता येईल. म्हणजे आता निवडायच्या वस्तू दोन झाल्या. पैठणगेटचे दुकानदार यांना लांबून ओळखायला लागले. एक तर हे पायरी चढायच्या आतच म्हणायचा, "काका, आज नवीन काही नाही."

घरी तेच पुराण.

"अगं, एका मशीनला महिन्याचं भाडं आहे. दुसऱ्याला भाडं नाही, पण..."

"मग दुसरं घ्या."

"त्याचा पावतीचा कागद इथं मिळत नाही."

"मला नको पावती."

"असं कसं? उद्या कुणी तक्रार केली म्हणजे?"

मंदारला फोन लावला, तर तो ऑफिसातून घाईघाईनं म्हणाला, "बाबा, कुठलाही घ्या हो."

"कुठलाही म्हणजे नेमका कुठला?"

असे दोन महिने गेले. कार्डवाली गिऱ्हाइकं येत होती आणि परत जात होती. एका रविवारी तर अशी तीन माणसं गेली. सोमवारी मधुसूदनराव आंघोळीला गेले, तशा दमयंतीबाईंनी चपला घातल्या, रिक्षा केली आणि थेट पैठणगेट गाठलं. रिक्षावाल्याला थांबवूनच ठेवलं. दुकानात शिरल्या, मोठ्या स्क्रीनचा, माफक किमतीचा टॅब मागितला, पैसे दिले आणि बाहेर. इतकं मोकळं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

कार्डाचं मशीन त्यांनी एका एजंटाकडून मागवलं. गोकुळ त्याचं नाव. दोन दिवसांनी तो घरी जोडणी करायला आला. मधुसूदनराव समोर पेपर धरून बसलेले, पण पान काही उलटत नव्हते. गोकुळनं टॅब उलटा केला, आडवा केला, कडेनं बोट फिरवून पाहिलं.

"काकू, याच्यात सिमच बसत नाय. हा फक्त वायफायचा हाये. बाजारात नेट कुठून आणणार?"

दमयंतीबाईंनी दुकानात फोन लावला. डबा उघडला म्हणजे माल परत घेता येत नाही, असं उत्तर मिळालं.

मधुसूदनरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पेपर पुन्हा समोर धरला.

"बोला ना! काय बोलायचं ते बोलून टाका एकदाचं."

"कुठं काय? चांगला आहे की. स्क्रीन मोठी आहे."

त्यापेक्षा चार शब्द ऐकवले असते तर बरं, असं दमयंतीबाईंना झालं.

गोकुळनं तोड सांगितली. फोनचं हॉटस्पॉट चालू करायचं, टॅब त्यावर चालतो. दमयंतीबाईंचा फोन म्हणजे मंदारनं वापरून दिलेला. हॉटस्पॉट लावलं की तव्यासारखा तापायचा आणि बंद पडायचा. राहिला मधुसूदनरावांचा.

"तुमचा द्या मला रविवारपुरता."

"त्यावर बँकेचे ओटीपी येतात."

"मग?"

"मीच येतो ना."

आणि आले. इस्त्रीचा शर्ट, घडीची खुर्ची, पाण्याची बाटली. पहिल्याच तासात नाशिकचं एक जोडपं आलं. त्यांनी तीन गोधड्या काढल्या, कार्ड हातात घेतलं. दमयंतीबाईंनी मशीन पुढं केलं. तेवढ्यात त्या बाईनं खुर्चीतल्या गृहस्थांना सहज विचारलं, "काका, यातली जास्त चांगली कुठली?"

मधुसूदनराव उठले. तुमच्याकडं पाऊस जास्त, ही जाड गोधडी पावसाळ्यात वाळायची नाही. ही लाल दिसते सुरेख, पण लाल रंग जाण्याचा संभव असतो. एवढं सगळं समजावून झाल्यावर जोडप्यानं एक गोधडी घेतली आणि काकांचे आभार मानले.

दगडाबाईंनी कपाळावर हात मारला. "साहेब, तुम्ही आमच्याकडून हाय का त्यांच्याकडून?"

दुपारी जेवणाचे डबे उघडेपर्यंत दमयंतीबाईंनी राग कसाबसा धरून ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही फक्त फोन घेऊन बसायचं. तोंड उघडायचं नाही."

"तिनं विचारलं म्हणून सांगितलं. तो लाल जाणारच होता."

"नव्हता जाणार! प्रत्येक लुगडं मी आधी धुऊन बघते. रंग सोडला तर ते गोधडीत घेतच नाही."

मधुसूदनरावांचा घास हातातच राहिला. "प्रत्येक? कशात धुतेस?"

"मिठाच्या पाण्यात. मग उन्हात पांढऱ्या फडक्यावर दाबून बघायचं."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्हाला? पैठणगेटच्या फेऱ्यांतून वेळ मिळाला तर ना!"

त्यांनी डबा संपवला, हात धुतले. मग लाल गोधडी त्यांनी मांडीवर घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, आणि दगडाबाईंना टाक्यांबद्दल काय काय विचारत बसले. दगडाबाईंनी आधी तुटक उत्तरं दिली. नंतर सुईला दोरा ओवून टाका घालूनच दाखवला.

तेव्हापासून ते दर रविवारी येतात. गोधडी कशी धुतली, कशी पारखली, हे गिऱ्हाइकाला साग्रसंगीत सांगतात. काही गिऱ्हाइकांना ते इतकं पटतं, की एकीऐवजी दोन नेतात. काही मात्र निम्म्यातच "येतो हं" म्हणून सटकतात, आणि पुन्हा दिसत नाहीत. एकूण नफा झाला की तोटा, हे दमयंतीबाईंना अजून कळलेलं नाही.

परवाच्या रविवारी पुण्याच्या दोन बहिणींनी मोठी खरेदी केली. दमयंतीबाईंनी आकडा टाकला, दोघींपैकी एकीनं कार्ड लावलं, आणि टॅबवर चक्र गरगरत राहिलं. नेट गेलं होतं. दमयंतीबाईंनी वळून पाहिलं, तर खुर्ची रिकामी. मधुसूदनराव आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, मातीच्या भांड्यांच्या स्टॉलपुढं पाण्याचे दोन माठ शेजारी-शेजारी ठेवून उकिडवे बसलेले, हॉटस्पॉटचा फोन खिशात.

"अहो!" दमयंतीबाई सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा ओरडल्या. "तिथलं पारखणं पुरे झालं! इकडं या आधी!"

मधुसूदनरावांनी मान वर केली. एका हातानं, दोनच मिनिटं, अशी खूण केली आणि दुसऱ्या माठावर टिचकी मारून कान लावला.