शमिकाने लिहून दिलेलं पथ्य

आमच्या डायलिसिस विभागात शमिका आहारतज्ज्ञ म्हणून रुजू झाली, तेव्हा ही जानू तांडेलांची मुलगी हे मी चेहऱ्यावरूनच ओळखलं. तीच पुढे आलेली हनुवटी, आणि समोरचा बोलत असताना मान हलवायची तीच सवय. जानूभाऊ सगळ्याला मान हलवायचे आणि करायचे मात्र मनातलंच.

मी चिपळुणात अकरा वर्षं याच विभागात सिस्टर आहे. माझा आवाज मोठा आहे, पेशंट मला टरकून असतात. जानूभाऊ कधी टरकले नाहीत. गुहागरकडच्या खाडीकाठच्या वाडीतून आठवड्यातून दोनदा एसटीने यायचे. सोबत बायको बकुळा. ती बाजारात मासे विकायची, तो दिवस बुडवून यायची. जन्मभर होडी हाकलेला माणूस मशीनला जोडून चार तास पडून राहायचा आणि तोंडात एकच विषय, मुंबईला आहारशास्त्र शिकणारी शमिका. वाडीतून विद्यापीठात गेलेली पहिली मुलगी.

जानूभाऊंची मूत्रपिंडं बिघडल्याचं कळलं तेव्हा शमिका दुसऱ्या वर्षाला होती. दिवाळीच्या सुट्टीत तिने शिकलेलं सगळं एका कागदावर उतरवलं. मीठ कमी, पाणी मोजून, सुकी मच्छी बंद, शहाळं बंद. आणि ताजे मासेही बंद. "थोडे चालले असते," ती मला नंतर म्हणाली, "पण थोडे म्हणजे किती, यावरून रोज वाद झाला असता. बंद लिहिणं मला सोपं गेलं." दुसऱ्या वर्षाला माणसाला फार कळत असतं!

जानूभाऊंनी त्या कागदाला हळदकुंकू लावलं, नव्या जाळ्याला लावतात तसं. मग गावदेवापुढे गाऱ्हाणं घातलं, पोरगी शिकून पास होईपर्यंत मासा तोंडात घालणार नाही, तिच्या वाटेत काही आडवं येऊ देऊ नकोस. झालं, पथ्याचा नवस झाला. बकुळाला हे माहीत होतं. शमिकाला कुणी सांगितलं नाही.

पुढच्या जुलैत डायलिसिस सुरू झालं. डायलिसिसवर पथ्य बदलतं. मशीन रक्तातल्या घाणीबरोबर थोडं पोषणही ओढून नेतं, म्हणून आधी हात आखडून खायला सांगितलेली प्रथिनं आता वाढवावी लागतात. मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "जानूभाऊ, आता अंडी खा, ताजे मासे खा." त्यांनी मान हलवली.

दोन महिन्यांनी रिपोर्ट पाहिला तर प्रथिनं पार खाली. पाय सुजलेले, दंडांची काठी झालेली. माझं डोकंच फिरलं. "मासेवालीच्या घरात मासे मिळत नाहीत काय हो?"

"सिस्टर, रागावू नको," ते हसून म्हणाले. "माज्या शमिकान लिवून दिलान हाय. ती पास होऊं दे, मग टोपभर कालवण खातो."

"अहो, तो कागद जुना झाला. तिला फोन करून विचारा."

"परीक्षा हाय तिची. कशाला तिच्या डोक्याला ताप?"

मी बकुळावर ओरडले. ती खाली बघत म्हणाली, "देवाला बोलल्येत ते. मी कशी मोडू? रोज पाटीभर म्हावरा विकते, पन चुलीवर चढवत नाय."

मी शमिकाचा नंबर मागायला हवा होता. मागितला नाही. एवढे पेशंट, कुणाकुणाच्या घरात शिरायचं, असं स्वतःला सांगितलं. ते मला आजही खातं.

शमिका मधे घरी आली नव्हती असं नाही. गणपतीला आली होती. पण गणपतीत कुणाच्या घरात मासे शिजतात? पाच दिवस वरणभात आणि भाजी खाऊन ती परत गेली. बाबा वाळलेत हे तिला दिसलं. आजारी माणूस वाळणारच, असं तिला वाटलं.

जानेवारीत जानूभाऊंच्या छातीत संसर्ग झाला आणि पाच दिवसांत ते गेले. मासे खाल्ले असते तर वाचले असते, असं मी म्हणणार नाही. पण झुंजायला अंगात काहीतरी राहिलं असतं. शमिका त्या उन्हाळ्यात पास झाली, मग पुढची पदविका करून आमच्याकडे आली.

नवसाचं तिला मीच सांगितलं. आईने तोंड उघडलं नव्हतं, आणि मला ते पोटात ठेवून तिच्यासोबत रोज काम करणं जमेना. डबा खायच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. तिने सगळं ऐकून घेतलं. मान हलवली नाही. बराच वेळ ती डब्याचं झाकण लावत होती आणि ते लागत नव्हतं.

"तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत प्रश्न होता," ती म्हणाली. "डायलिसिस सुरू झालेल्या पुरुषाचा आहार लिहा. वय बावन्न. मी प्रथिनं वाढवा असं लिहिलं. बांगडा किती ग्रॅम, तेसुद्धा लिहिलं. पूर्ण मार्क मिळाले."

"कधीची गोष्ट?"

"नोव्हेंबर."

"अगं मग!" माझा आवाज चढलाच. "बाहेर येऊन घरी एक फोन का नाही केलास?"

"बाबा त्रेपन्नचे होते, सिस्टर," ती म्हणाली. "लिहिताना मला ते आठवलेच नाहीत."