मोरगावच्या डोंगरावरचा निळा ठिपका

कुठल्या शिवारातून किती पाणी वाफ होऊन उडतं, हे मी पुण्यात खुर्चीत बसून उपग्रहाच्या चित्रांवरून काढते. युक्ती सोपी आहे. घाम वाळताना अंग गार पडतं, तशी पाणी उडणारी जमीनही गार राहते आणि नकाशावर निळी उमटते. वडगाव निंबाळकरचा ऊस निळाशार येतो, त्यात माझी हुशारी काही नाही. पण मोरगावपलीकडच्या उघड्याबोडक्या डोंगराच्या कुशीतही एक निळा ठिपका आला आणि मी हुरळले. मोरगावच्या मागच्या फेरीत ओळख झालेल्या शेळीवाल्या तात्यांना लगेच फोन केला, "तात्या, तुमच्या रानात पाणी दिसतंय!"

चार दिवसांनी त्यांचाच फोन. "मॅडम, दोन बोकड इकलं. उद्या बोरची गाडी येतीय. जागा तुमीच दावा."

फोन ठेवला आणि नकाशा पुन्हा उघडला. ठिपका मी जागेवर जाऊन कधी तपासलाच नव्हता!

मोरगावला जाणाऱ्यांसाठी: स्वारगेटहून पहाटेची एसटी धरा, बायकांना अर्धं तिकीट. चतुर्थी टाळा, उभं राहायलाही जागा मिळत नाही. तिथल्या स्टँडवरचा वडापाव झणझणीत. मी दोन खाल्ले. घाबरले की मला भूक लागते.

पुढे तात्यांच्या मोटारसायकलवर, मांडीवर त्यांनी बोरच्या पूजेला आणलेला नारळ. जानेवारीची सकाळ, तरी ऊन चांगलंच तापलं होतं. डोंगराखाली बोरची गाडी तयार, आणि नेमक्या माझ्या ठिपक्यावर शेळ्या ऐसपैस बसलेल्या.

"उठा गं, मशिन लावायचंय," तात्या म्हणाले. एकही हलेना.

मी तिथे पाऊल टाकलं आणि गारव्यानं शहारले. "तात्या, या रोज इथंच बसतात?"

"व्हय. डोंगराची सावली असती. अकरापतूर ऊन येत न्हाय हितं."

घड्याळात साडेदहा. उपग्रह दर फेरीला याच सुमारास चित्र काढतो! जमीन गार होती ती सावलीनं, पाण्यानं नव्हे. जे शेळ्यांना ठाऊक होतं, ते माझ्या गणितात नव्हतं.

"गाडी परत पाठवा तात्या. पाणी नाही, सावली आहे. चुकले मी."

"मंग सावलीला बोर मारू का?" ड्रायव्हर खिदळला.

तात्यांनी मात्र हात करून गाडी माघारी धाडली. मग त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. "मशिन लावायच्या आधी बोललीस, बोकडांचं पैसं वाचलं. ठिव ह्यो. खरं पानी गावलं की फोन कर पोरी, मी येतो फोडाय."

घरी येऊन गणितात डोंगराचा उतार आणि सावली घातली. ठिपका गेला. नारळ टेबलावर आहे. आई दर आठवड्याला विचारते, "आमटीला घेऊ?" मी नाही म्हणते. आता कुठेही निळं दिसलं की आधी नारळाकडे बघते, मग सावलीकडे. फोन त्यानंतर.