निळ्या बटणाचा टक्

नव्या प्लॅस्टिकचा वास आला की शिरूरमधलं ते अरुंद दुकान आठवतं. मला पहिला मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचा होता आणि वडील सणसवाडीतली पहिली पाळी संपवून कंपनीच्या कपड्यांवरच आले होते. दुकानदारानं दाबून बघायला चार बटणांची पट्टी पुढं ठेवली. लाल बटण गुपचूप खाली जायचं, निळं मात्र टक् वाजायचं. "आप्पा, दाबून बघा की, कसलं भारी वाजतंय!" मी वडिलांना म्हटलं. वडिलांनी उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांतलं एक निळ्यावर टेकवलं. टक् झालं आणि त्यांनी हात असा मागं ओढला की काउंटरवरचा चहा सांडला. कारखान्यात पत्रा दाबायच्या त्यांच्या प्रेसला अशीच टक् वाजणारी दोन बटणं होती, दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय ती खाली येऊ नये म्हणून; काम उरकावं म्हणून त्यांनी एक चिकटपट्टीनं दाबून ठेवलं होतं, आणि त्या मोकळ्या हाताचीच दोन बोटं गेली होती. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तुला आवडलंय तर घे," हात खिशात घालत ते म्हणाले, "पर आवाज यायच्या आत हात भायेर पायजे." मी लाल घेतला. परवा ऑफिसात शेजारी बसणाऱ्यानं निळ्या बटणांचा कीबोर्ड आणला, आणि पहिल्याच टक्‌ला माझे दहा बोटांचे धडधाकट हात टेबलाखाली गेले.