भिंतीकडच्या रांगेतला कोरा दगड

मिसेस पॉबजॉय यांनी चर्चच्या आवारातला थडग्याचा एक दगड चोरला आणि मागच्या दाराला पायरी म्हणून बसवला, असं आमच्या वेदरकूम गावात गेल्या वसंतात बोललं जात होतं. ही बातमी तीन घरी आणि एकदा पबमध्ये मीच पोचवली, त्यामुळे दुरुस्तीचं कामही माझ्याकडेच येतं. दगड चोरलेला नाही. होता तिथेच आहे, उत्तरेच्या भिंतीला लागून, रांगेत शेवटचा. पायरीचा दगड त्यांच्या नवऱ्यानं, सिरिलनं, एका पडक्या गोठ्यातून आणला होता. मी वाकून, चष्मा लावून पाहिला. त्यावर गाईच्या खुरांखेरीज कुणाची नोंद नाही. त्या थडग्याचं मिसेस पॉबजॉयनी जे केलं ते चोरीपेक्षा वाईट होतं, आणि ते त्यांनी स्वतःच सांगितलं.

त्यांचं नाव म्यूरिअल, पण गावात त्या नावानं हाक मारणारे आता चारच उरलेत, आणि त्यातले दोघे ठार बहिरे. बाकी आम्ही सगळ्यांनी शाळेत त्यांच्या पळीनं वाढलेलं कस्टर्ड खाल्लंय. एकतीस वर्षं त्या शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. मी सत्तावन्न वर्षांचा, दोन्ही गुडघे बदललेला माणूस, पण त्या समोर आल्या की आपण हात धुतलेत ना, हे मला आधी आठवावं लागतं.

कुणाचं मूळ कुठलं, हे विचारायला गाव त्यांच्या टेबलाशी जातं. लोक बिस्किटांच्या डब्यांतून जुने फोटो घेऊन येतात, आणि जन्म, लग्न, दफन यांची चर्चची जुनी पुस्तकं बाईंना तोंडपाठ. माझे खापरपणजोबा खलाशी होते असं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. मी ते छाती फुगवून त्यांना सांगितलं. त्यांनी आधी माझ्यापुढे केक ठेवला. केक आधी आला की बातमी वाईट, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

म्हणाल्या, "ते समुद्रावर गेले होते हे खरं आहे, डेन्झिल. पण तिकीट सरकारनं काढलं होतं."

हद्दपारीची शिक्षा झाली होती, बदकं चोरली म्हणून. चार. मी ती गोष्ट स्वतःच पबमध्ये सांगून टाकली, कारण दुसऱ्यानं सांगण्यापेक्षा ते बरं. पण बाईंच्या तोंडून ती कधी बाहेर गेली नसती. कुणाच्या आजीच्या नावापुढे बापाचं नावच नाही, कुणाचं लग्न आधी आणि बारसं दोनच महिन्यांनी, असलं कितीतरी त्यांच्या पोटात आहे. दार लावून, केक देऊन, ज्याचं त्याला सांगायचं आणि विषय संपवायचा. म्हणूनच त्यांनी सांगितलं ते खरं, असं आम्ही धरून चालत होतो.

आता १९८४ सालची गोष्ट. इतिहास मंडळानं आवारातल्या सगळ्या थडग्यांची नोंद करायचं ठरवलं. दगड झिजत होते, अक्षरं पुसत चालली होती. एकेकाला एकेक रांग वाटून दिली. नियम सोपे होते: मऊ ब्रश, साधं पाणी, आणि आरशानं दगडावर तिरपं ऊन पाडायचं, म्हणजे बुजलेली अक्षरं सावलीत उठून दिसतात. शेवाळाला नख लावायचं नाही. मिसेस पॉबजॉयना भिंतीकडची रांग मिळाली. बाकीचे अजून आरसे शोधत होते तोवर त्यांची रांग होत आली होती. राहिला एकच दगड, मऊ वालुकाश्माचा, शेवाळानं पार हिरवागार. शनिवारी जिल्ह्याच्या मंडळाचा माणूस कागद न्यायला येणार होता, आणि शुक्रवारी आभाळ भरलेलं. ऊनच नाही, तर आरसा काय करणार?

बाई घरी गेल्या आणि सिरिलच्या पडवीतून नांगराचा गंज काढायचा तारेचा ब्रश घेऊन आल्या.

त्या सांगतात, दोन हात मारले तेव्हा "वय २३" एवढं लख्ख दिसलं. तिसऱ्या हाताला दगडाची अख्खी दर्शनी बाजू पापुद्र्यासारखी सुटली आणि गवतात पडून तिचा भुगा झाला. कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी तो भुगा एप्रनमध्ये गोळा केला आणि भिंतीपलीकडे टाकला.

त्या रात्री त्यांनी दफनाचं पुस्तक उघडलं. १८४७ च्या हिवाळ्यात तेवीस वर्षांच्या दोघी गेल्या होत्या. एक एलिझाबेथ लव्हीज, मोठ्या शेतकऱ्याची लेक. दुसरी केझाया स्ट्राउड, कोर्ट फार्मवरची मोलकरीण. मोलकरणीला कोण दगड उभारणार, असं म्हणून बाईंनी कागदावर एलिझाबेथ लव्हीजचं नाव लिहिलं. कागदाच्या कडेला "खात्री नाही" असा एक रकाना होता. त्यात नुसती खूण करायची होती. ती त्यांनी केली नाही, कारण बाकीच्या सगळ्या रांगेत त्यांच्याकडून एकही खूण झाली नव्हती.

पुढे ते कागद इंटरनेटवर चढले, आणि २०११ साली टास्मानियाहून गॉर्डन लव्हीज आला. बोटीवरून निवृत्त झालेला, आवाजानं मोठा, मनानं मऊ माणूस. एलिझाबेथ त्याच्या खापरपणजोबांची बहीण. नोंदीनंतर दगड झिजून कोरा झाला, असंच आम्ही सगळे धरून होतो. तो त्या बिनचेहऱ्याच्या दगडापुढे टोपी काढून उभा राहिला आणि सगळ्यांदेखत रडला. मी ते घरोघर जाऊन नक्कल करून दाखवलं होतं, हेही इथे लिहायला हवं. जाताना त्यानं दर ईस्टरला तिथे फुलं ठेवायचं काम मिसेस पॉबजॉयना सांगितलं. त्याची फुलं सात वर्षं येत राहिली. पिवळ्या नार्सिससचा जुडगा हातात धरून त्या भिंतीकडे जाताना दिसायच्या आणि आम्ही म्हणायचो, बाईंनी लव्हीजांची सोयरीक बरी सांभाळली.

२०१७ च्या हिवाळ्यात चर्चच्या माळ्यावर एका जुन्या व्हिकरच्या, म्हणजे इथल्या धर्मगुरूच्या, बायकोची रोजनिशी सापडली. वाचायला अर्थातच मिसेस पॉबजॉयकडे दिली. तिच्यात दोन ओळी होत्या: कोर्ट फार्मच्या मुलींनी आपल्या केझायासाठी दगड उभा केला, भिंतीपाशी, शेवटचा, आणि लव्हीजांनी मात्र लेकीच्या डोक्याशी अजून वीटसुद्धा ठेवलेली नाही. गावातल्या सगळ्यात सधन घरानं पोरीला दगड दिला नाही आणि भांडी घासणाऱ्या मुलींनी मैत्रिणीला दिला. लव्हीजांचा हात आखडता होता हे आम्ही आजोबांकडून ऐकलं होतं, पण इतका आखडता असेल असं वाटलं नव्हतं.

बाईंनी रोजनिशी वाचली, बंद केली आणि दीड वर्ष कुणाला काही सांगितलं नाही. दगड खरवडला ती घाई होती. नाव लिहिलं तो अंदाज होता. पण ही दीड वर्षं त्यांनी जाणूनबुजून घालवली, आणि त्यातल्या एका ईस्टरला त्यांनी फुलंही ठेवली. याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटते, असं त्या म्हणतात.

गेल्या वसंतात गॉर्डन पुन्हा आला. त्याला जुना दगड काढून पाटीच्या काळ्या दगडाचा नवा उभारायचा होता, एलिझाबेथचं नाव खोल कोरून. आमच्याकडे चर्चच्या आवारात दगड हलवायचा तर वरची परवानगी लागते, आणि आधी चर्चच्या दारमंडपात नोटीस लागते: कुणाची हरकत असेल तर अठ्ठावीस दिवसांत कळवावी. व्हिकर फिलिपाबाईंनी नोटीस लावली आणि मिसेस पॉबजॉयना म्हणाल्या, तुमच्याकडून एक ओळ लिहून द्या की कबर त्याच मुलीची आहे. तुम्ही म्हटलं की झालंच.

खरंच झालंच असतं. त्यांनी सही केली असती तर केझायाचं नाव कायमचं गेलं असतं. हरकत घ्यायला तिचं कुणी नव्हतं. लव्हीजांचं माणूस पृथ्वीच्या पलीकडच्या टोकाहून येऊ शकतं. स्ट्राउड या गावात एकही उरलेला नाही.

पंचवीस दिवस बाई दारमंडपातून खाली मान घालून जात होत्या. दगड चोरल्याची अफवा तेव्हाच उठली. त्या रोज संध्याकाळी भिंतीपाशी गुडघ्यावर बसून गवतात काहीतरी शोधत असायच्या. आता कळतं, एखादा अक्षराचा तुकडा राहिला असेल का, ते त्या पाहत होत्या.

सव्विसाव्या दिवशी रविवार होता. प्रार्थना सुटली तेव्हा नोटिशीशेजारी चार टाचण्यांनी लावलेला एक कागद होता, त्यांच्या गोल, शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात. ब्रश, भुगा, रकाना, रोजनिशी, सगळं ओळीनं लिहिलेलं. खाली सही आणि "माझी हरकत आहे." आम्ही एकेकानं वाचलं आणि मागे कॉफीच्या टेबलाकडे गेलो, तर तिथे त्या गॉर्डनसमोर उभ्या राहून तेच तोंडानं सांगत होत्या. कागद वाचायला लावून त्या घरी गेल्या नव्हत्या.

गॉर्डननं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला, "पहिल्या खेपेला मी तिथली मूठभर माती नेली होती. आईच्या अस्थींबरोबर पुरलीय."

 त्यानं कप तसाच अर्धा ठेवला, टोपी घेतली आणि निघून गेला. त्याच आठवड्यात तो टास्मानियाला परतला. पत्र आलं नाही. फुलंही आली नाहीत.

गावानंही काही फार मोठं मन दाखवलं नाही. ज्यांनी बाईंच्या हातचा केक खाऊन आपापली वंशावळ भिंतीवर लावली होती, ते एकेक करून दारात यायला लागले: आमचं तरी बरोबर आहे ना? मी बदकांबद्दल विचारायला गेलो नाही, पण मनात येऊन गेलं. बाईंनी मंडळाचं अध्यक्षपद सोडलं. आपल्या रांगेतला एकूणएक दगड त्या आता नव्यानं तपासतात, सकाळचं ऊन तिरपं असतं तेव्हा. एकोणऐंशी वर्षांच्या बाईला एका हातात कागद आणि दुसऱ्यात आरसा धरणं झेपत नाही, म्हणून आरसा मी धरतो. ओळखीचे लोक बाजूच्या रस्त्यानं जाताना पूर्वी हात करायचे. आता काही जण चाल वाढवतात. बाई मान वर करत नाहीत.

परवा आम्ही शेवटच्या दगडापाशी पोचलो. आरसा फिरवून काही उपयोग नव्हता. दगड दाढी केल्यासारखा कोरा. त्यांनी कागदावरचं जुनं नाव खोडलं, केझाया स्ट्राउड लिहिलं, आणि कडेच्या रकान्यात खूण केली. रोजनिशीत स्पष्ट लिहिलंय, मग आता खूण कशाला, मी विचारलं. रोजनिशीत आहे, दगडावर मी काही ठेवलं नाही, त्या म्हणाल्या.

मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "मिसेस पॉबजॉय, तो लव्हीज सुखात होता, गाव सुखात होतं, तुम्हीही मरेपर्यंत मानानं राहिला असतात. नसतं सांगितलं तर कुणाचं काय बिघडलं असतं?"

त्या म्हणाल्या, "हिचं. हिला मी घासून काढलं आणि हिच्या जागी दुसरीला निजवलं. फुलं तेवढी हिला मिळाली, तीही दुसरीच्या नावाची."