एक दिवसाआडची गोळी

माझा धाकटा भाऊ शर्टांच्या कारखान्यात कटर होता. तिथे सगळे त्याला मास्तर म्हणायचे, तर मीही मास्तरच म्हणते. पाळण्यातलं नाव आता त्यालाही आठवत नसेल. काम असं, की कापडाचे साठ थर एकावर एक रचायचे, वर खडूने आखायचं आणि उभ्या पात्याच्या मशीनने एका दमात कापायचं. डाव्या हातात लोखंडी कड्यांचा मोजा, कारण पात्याला बोट काय आणि कापड काय, सारखंच. पस्तीस वर्षांत मास्तरची दहाच्या दहा बोटं शाबूत राहिली. स्वभावही एक घाव दोन तुकडे असाच. बायको सोडून गेली तेव्हा दारात येऊन म्हणाला, "ताई, तुझ्या मागच्या खोलीत खाट मावते का?" त्यापुढे त्या विषयावर अक्षर नाही.

खोकला हटेना म्हणून रक्त तपासलं, तर एचआयव्ही निघाला. कुठून आला ते मी विचारलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. दवाखान्यात गोळ्या देणाऱ्या बाईंनी समोर बसवून सांगितलं, रोज झोपताना एक गोळी, जन्मभर, एकही चुकवायची नाही. सुरुवातीला डोकं गरगरेल, वेडीवाकडी स्वप्नं पडतील, मग कमी होईल. नाही झालं तर येऊन सांगा.

स्वप्नं पडली. सकाळी चहा पिताना म्हणायचा, "आज मालकालाच साठ थरांत कापला."

"बरं केलंस. बाह्या तरी नीट निघाल्या का?"

हसायचो दोघं. पण गरगर काही कमी होईना. भिंत धरून मोरीपर्यंत जायचा. विचारलं तर म्हणे, "उतरेल."

तिसऱ्या महिन्यात त्याच्या हातून एक थप्पी वाकडी कापली गेली. साठ शर्टांच्या साठ डाव्या बाह्या अर्धा इंच आखूड. मालक सगळ्यांदेखत म्हणाला, "काय मास्तर, हल्ली सकाळीच घेऊन येता वाटतं?" जन्मात चहापलीकडे कशाला न शिवलेल्या माणसाने ते मान खाली घालून ऐकून घेतलं. खरं सांगण्यापेक्षा दारुड्या ठरलेलं बरं, असा त्याचा हिशेब.

हे सारं मला कळलं दीड वर्षाने. कारखान्यातल्या चिंध्या तो घरी आणायचा, मी त्या उशांत भरायची. त्याच्या खाटेखालची पिशवी उलटी केली, तर चिंध्यांबरोबर गोळ्या घरंगळल्या. एक नाही, दोन नाही, ओंजळभर.

"मास्तर, हे काय?"

त्याने आधी दार लावलं. "एक दिवस थर रचायचे असतात, एक दिवस कापायचे. रचताना डोकं फिरलं तर निभतं. कापायचं असलं की आदल्या रात्री गोळी नाही घेत. खडूची रेघ एक असते ताई, मला दोन दिसतात. कोणती कापू?"

"आणि दवाखान्यात डबीतल्या गोळ्या मोजतात, त्याचं काय?"

"मोजतात म्हणून तर जास्तीच्या आधी काढून ठेवतो. फेकवत नाहीत."

"मी सांगते त्या बाईंना."

"तू मध्ये पडू नकोस. दुसरी गोळी दिली आणि तिने हात थरथरायला लागले तर? हिची खोड निदान माहीत आहे."

मी गप्प बसले. इथे माझीही अक्कल चरायला गेली. मला वाटलं, अर्धं औषध पोटात जातंय म्हणजे अर्धा गुण येतच असेल. मीठ कमी पडलं म्हणून भाजी कुणी टाकून देतं का?

सहा महिन्यांनी एका सकाळी तो म्हणाला, "डाव्या डोळ्यात कचरा गेलाय." तीन दिवस आम्ही पाण्याने डोळा धूत बसलो. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, अंगातली ताकद संपलीय, त्यामुळे जंतू डोळ्याच्या पडद्यात शिरलेत. उजवा वाचेल, डावा गेला. आणि औषध सारखं तुटत राहिल्याने एचआयव्हीचे विषाणू त्या गोळीला सरावलेत, आता ती कामाची नाही.

मी रुमालात बांधलेल्या गोळ्या बाईंच्या टेबलावर ठेवल्या. मास्तरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाईंना वाटलं तर रागवायचा हक्क होता, पण त्यांनी गोळ्या एका बाजूला सारल्या.

"मास्तर, अजून गरगरतंय एवढं एकदा म्हणायचं होतं. आपल्याकडे दुसरी गोळी आहे. पंधरा दिवसांत बदलून दिली असती."

"कुठली?"

त्यांनी डबी पुढे केली. ती घ्यायला मास्तरने हात लांबवला तो डबीच्या बाजूला, रिकाम्या टेबलावर पडला. एका डोळ्याने अंतर कळत नाही. मग मीच डबी उचलून त्याच्या हातात दिली.

मशीनवर त्याला पुन्हा कुणी उभं केलं नाही, आणि त्यानेही मागितलं नाही. आता घरी बसून शिवलेल्या शर्टांचे लोंबते धागे कापतो. नव्या गोळीबरोबर आणखी दोन आहेत, त्यांनी पोट ढिलं होतं, ते मात्र आम्ही लगेच जाऊन सांगितलं. गोळी चुकत नाही. चार महिने झाले, माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

परवा शर्ट डोळ्याशी धरून बसला होता. मी विचारलं, "या गोळीने गरगरतं का रे?"

"नाही." त्याने एक धागा कापला. "पहिल्या दिवसापासून नाही."